माळ्यावरच्या कॅसेटा कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या असतील तर

मागच्या गणपतीआधी आमच्या ठाण्यातल्या चरईच्या घराचा माळा रिकामा करायला घेतला, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून, आणि एका पत्र्याच्या डब्यात अकरा ऑडिओ कॅसेटा आणि जुन्या सुटकेसमध्ये नऊ व्हिडिओ कॅसेटा निघाल्या. ताईचं लग्न, दादाची मुंज, कुणाचंतरी हळदीकुंकू, आणि एका सी-६० (तासाभराच्या) कॅसेटवर बाबांच्या अक्षरात नुसतं ‘आईच्या ओव्या’. आजीचा आवाज कधी रेकॉर्ड केला होता हेच आमच्यात कुणाला आठवत नव्हतं. मी काही यातली जाणकार नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करते, पण पुढचे चार-पाच महिने सगळे शनिवार-रविवार यातच गेले आणि जे कळलं (निम्मं चुका करून) ते नवीन माणसाला उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, प्रत्येक कॅसेट आता एकदाच धड चालणार आहे असं धरून चाला. ‘बघूया तरी काय आहे यात’ म्हणून मिळेल त्या मशीनमध्ये घालू नका. मी नेमकं तेच केलं. सेकंडहँड व्हीसीआर आणला, दुकानदार म्हणाला एकदम ओके आहे मॅडम, आणि मी ताईच्या लग्नाची कॅसेट सरळ आत सारली. दहा मिनिटं चाललं, मग घर्रर्र, आणि इजेक्ट दाबल्यावर कॅसेट बाहेर आणि टेप आतच. कात्री न लावता सोडवली पण हातभर टेप चुरगळली ती चुरगळलीच. आपल्याकडच्या पाल सिस्टीममध्ये (इथल्या टीव्ही-व्हिडिओची पद्धत) व्हीएचएसची, म्हणजे नेहमीच्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटची, टेप सेकंदाला साधारण २.३४ सेंटीमीटर सरकते, म्हणजे हातभर टेप म्हणजे वीसेक सेकंद, आणि ते वीस सेकंद नेमके सप्तपदीचे. ताई काही बोलली नाही, भावोजी मात्र अजून म्हणतात की बरं झालं पुरावा गेला.

तेव्हा कुठलंही मशीन आणलं की आधी एखादी नकोशी कॅसेट, जुन्या सिनेमाची वगैरे, तासभर चालवून बघायची. प्ले, रिवाइंड, फॉरवर्ड, इजेक्ट, सगळं दोन-तीनदा. मगच घरचा माल.

आधी कॅसेटा नीट बघून घ्या

व्हीएचएस कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून आतलं रीळ बघा. काळी-तपकिरी, चकचकीत, सपाट दिसली तर छान. कडेला पांढरे ठिपके किंवा पिठासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कॅसेटच्या बाजूला एक बारीक बटण असतं, ते दाबून पुढची फडफडणारी पट्टी उचलली की टेपच दिसते, तीही बघून घ्या पण बोट लावू नका. आपल्या ठाण्याच्या हवेत, त्यात पाण्याच्या टाकीखालचा माळा असेल तर, बुरशी नसणं हेच नवल. आमच्या नऊपैकी दोनवर निघाली. अशी कॅसेट अजिबात मशीनमध्ये घालायची नाही, कारण ती पावडर आतल्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागत जाते. वेगळ्या झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, तोंडाला मास्क लावून हाताळा, आणि त्यांचं काय करायचं ते नंतर.

दुसरं काम, रेकॉर्डिंगचे दात मोडा. व्हीएचएसच्या पाठीवर आणि ऑडिओ कॅसेटच्या वरच्या कडेला बारीक प्लास्टिकचे दात असतात, ते मोडले की चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तरी वर काही छापलं जात नाही. लहानपणी आपण त्याच भोकांवर सेलोटेप चिकटवून त्यावर गाणी भरायचो, आता उलटं करायचं.

कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटा असतील तर नीट ओळखा. व्हीएचएस-सी असेल तर ती अडॅप्टरमध्ये घालून व्हीसीआरला चालते. पण ८ एमएम किंवा हाय-८ असेल तर तिच्यासाठी असा अडॅप्टर निघालाच नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका, तिला तिचाच कॅमेरा लागतो. मिनीडीव्ही तर मुळातच डिजिटल, ती फायरवायर केबलने जशीच्या तशी कॉपी होते, तासाला साधारण १३ जीबी, आणि त्यासाठी फायरवायरचं पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर शोधायला लागतो.

एक इथल्या हवेचं. भर पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत टेप व्हीसीआरमधल्या फिरत्या ड्रमला, म्हणजे ज्यावर हेड बसवलेलं असतं त्याला, चिकटते, काही व्हीसीआरमध्ये त्यासाठी दवाचा दिवाही असतो, तो लागला की मशीन चालतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. एसीच्या खोलीत करणार असाल तर कॅसेटा आदल्या रात्रीच त्या खोलीत नेऊन ठेवा.

सुरुवात ऑडिओने करा

यात खर्च कमी, मशीन सोपं, आणि चुका झाल्या तरी हात बसतो. कॉम्पॅक्ट कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये काढली, आणि ती इतकी साधी गोष्ट आहे की साठ वर्षांनंतरही घरी बसून दुरुस्त करता येते. आत जी टेप असते तिच्यामागे एक छोटा नमद्याचा तुकडा असतो, टेपला हेडवर दाबून धरणारा. जुन्या कॅसेटांत त्याचा गोंद सुकतो आणि तो पडतो, मग आवाज एकदम दबका येतो आणि आपल्याला वाटतं रेकॉर्डिंगच गेलं. अशा वेळी नवी स्क्रूवाली कॅसेट घ्या, दोन्हीचे पाच-पाच बारीक स्क्रू काढा, आणि जुनी दोन्ही रिळं उचलून नव्या कवचात ठेवा. पंख्याखाली करू नका एवढंच. सैल टेप आधी षटकोनी पेन्सिलीने गुंडाळून घ्यायची हे सांगायला नकोच.

वाजवायला कॅसेट डेक मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगला वॉकमनही चालतो. डेकमधले रबरी पट्टे वर्षानुवर्षं पडून सैल होतात, मग आवाज जड आणि संथ येतो, म्हणून आधी तोंडपाठ असलेलं गाणं लावून बघा, गायिका गायकासारखी वाटली तर पट्टा बदलायला झालाय. हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. इअरबडवर थोडं घेऊन हेड आणि रबरी चाक पुसायचं, बड तपकिरी यायचा थांबेपर्यंत.

आता जोडणी. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका, ते बहुतेक वेळा मोनो असतं आणि आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, डेकच्या लाइन-आउटमधून लाल-पांढरी पिन त्यात, आणि ते लॅपटॉपला. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे. ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ, आणि लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ डीबीच्या आसपास राहील. शून्याला टेकला की फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. कमी आला तर वाढवता येतो.

मग एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो, त्याला ॲझिमथ म्हणतात. ज्या मशीनवर कॅसेट भरली गेली त्याचा कोन आणि आपल्या मशीनचा कोन जुळत नसेल तर आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि कानाला ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ लागले की थांबायचं. आजीच्या ओव्यांना मी पाव फेरा फिरवला असेल, आणि एकदम मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी पितळी भांडं खाली ठेवल्याचा आवाज, आणि आजी ओवी मध्येच थांबवून म्हणते, “अरे ते चालू आहे का तुझं?” मी उठून पाणी पिऊन आले.

त्याच कॅसेटवर अजून एक गंमत. शांत जागी लक्ष देऊन ऐकलं तर ओवीचे शब्द आजी म्हणायच्या आधीच अगदी पुसट ऐकू येतात. भूत वगैरे नाही, टेप गुंडाळून वर्षानुवर्षं पडली की एका थराचं रेकॉर्डिंग शेजारच्या थरावर थोडंसं उमटतं. हे काढता येत नाही, आणि मला काढायचंही नव्हतं.

खरखर कमी करायची तर ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे, जिथे नुसती खरखर आहे तो एक सेकंद निवडून नमुना घ्यायचा आणि मग सगळ्यावर लावायचा. पण हात आखडता ठेवा. जास्त केलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. आणि हे सगळं कॉपीवर करायचं, मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये तशीच ठेवायची, तासाला साधारण ६०० एमबी होते, आजच्या काळात काहीच नाही. पाठवायला वेगळी एमपी३ करा.

व्हिडिओ: मशीन

नवा व्हीसीआर आता मिळणार नाही, शेवटपर्यंत बनवणारी जपानची फुनाई, तिनेही २०१६ मध्ये बंद केलं. म्हणजे सेकंडहँडच. आधी नातेवाइकांना विचारा, खरंच सांगते, माझा दुसरा आणि चांगला व्हीसीआर नेरुळच्या आत्याच्या शोकेसमध्ये टीव्हीखाली झालरीचं कव्हर घालून पडलेला होता. नाहीच मिळाला तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड किंवा चोरबाजार, पण तिथे स्वतःची नकोशी कॅसेट घेऊन जा आणि समोर चालवून घ्या. नुसता व्हीसीपी, म्हणजे रेकॉर्डिंग नसलेला प्लेअर, असला तरी आपल्या कामाला पुरतो. अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी, म्हणजे तिकडच्या सिस्टीमची असणार, तिला मल्टिसिस्टीम मशीन लागतं.

चित्रात मुंग्या येत असतील तर दर वेळी कॅसेट खराब असते असं नाही, बरेचदा हेड घाण असतं. आमच्याकडे पूर्वी कोरी नोट घेऊन हेड पुसायचे, ते विसरा. व्हीसीआरचा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्यावरचं हेड नखाच्या टोकापेक्षा नाजूक असतं. प्लग काढा, झाकण उघडा, धागे न सुटणारं कापड अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसतं टेकवून स्थिर धरा, आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून हळू फिरवा. कापड वर-खाली घासायचं नाही, आणि इथे इअरबड तर अजिबात नाही, कापसाचा धागा अडकला की हेड तुटतं. मग अर्धा तास वाळू द्या. हे करायची भीती वाटत असेल तर जुना टीव्ही-व्हीसीआर मेकॅनिक शोधा, गल्लीबोळात अजून आहेत आणि हौसेने करून देतात.

व्हिडिओ: रेकॉर्डिंग

व्हीसीआरमधून पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. ती यूएसबी कॅप्चर कार्डात, आणि कार्ड सरळ लॅपटॉपमध्ये, मध्ये हब नको. अगदी स्वस्तातल्या कार्डांत चित्र आणि आवाज हळूहळू मागेपुढे होतात, पहिल्या मिनिटाला कळत नाही, तासाभराने मंगलाष्टकं संपलेली असतात आणि भटजींचे ओठ हलतच असतात. म्हणून थोडे पैसे टाकून जरा बरं कार्ड घ्या. कुणाकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडलेला असेल तर तो मध्ये जोडून बघा, व्हीसीआरची वायर त्यात आणि त्याच्यातून कार्डात, काही रेकॉर्डर थरथरतं चित्र बऱ्यापैकी स्थिर करून पुढे देतात.

सॉफ्टवेअर ओबीएस स्टुडिओ, हेही फुकट. त्यात कॅप्चर कार्ड निवडलं की व्हिडिओ स्टँडर्डमध्ये पाल-बी करा. हे राहिलं तर चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतं नाहीतर वरखाली पळतं, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. मी दोन तास बदलल्या. साइज ७२० बाय ५७६. जुनं चित्र ४:३ आहे, ते ताणून रुंद टीव्हीएवढं करू नका, सगळे लोक जाडे दिसतात आणि मग फोन येतात.

हालचाल झाली की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतील. पालमध्ये सेकंदाला ५० अर्धी अर्धी चित्रं असतात आणि ती एकत्र विणलेली असतात म्हणून. ओबीएसमध्ये त्या सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंग, तिथे याडिफ २एक्स, आणि फ्रेम रेट ५० ठेवायचा. नऊवारी नेसून लगबगीने जाणाऱ्या बायका एकदम स्वच्छ चालायला लागतात. बिटरेट ८ एमबीपीएस पुरे, तासाला साडेतीन जीबीच्या आसपास फाइल होते.

आणि फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, एमपी४ नको. मध्येच लाइट गेली तर एमपी४ अख्खी बाद होऊ शकते, एमकेव्ही तिथपर्यंतची राहते. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स करून, म्हणजे नुसता फॉरमॅट बदलून, दोन मिनिटांत एमपी४ होते.

लॅपटॉपची झोप बंद, अपडेट बंद, आणि ओबीएसमधला डेस्कटॉप ऑडिओ म्यूट करा. नाही केला तर व्हॉट्सअ‍ॅपची टुंग मंगलाष्टकात रेकॉर्ड होते. होते म्हणजे झाली, १९९४ च्या लग्नात.

आवाज एकाच कानात येत असेल तर घाबरू नका, व्हीसीआर मोनो आहे, ओबीएसच्या ऑडिओ सेटिंगमध्ये मोनोवर टिक करा. चित्राच्या खाली पट्टे नाचत असतील तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग फिरवून बघा.

हे काम जितक्या तासांची कॅसेट तितकेच तास खातं, ई-१८० असेल तर पूर्ण तीन तास, शॉर्टकट नाही. त्या वेळाचा एक उपयोग मात्र करा, घरातलं जुनं माणूस शेजारी बसवा. आत्या नेरुळहून ठाण्याला लोकल बदलायला नको म्हणून ट्रान्स-हार्बरने थेट यायची आणि मी वही घेऊन बसायचे.

“आत्या, ही हिरव्या शालूतली कोण गं?”

“अगं ती कोपरीची सुमनमावशी, आजीची मामेबहीण. आणि तिच्या मागे तोंड फिरवून उभी आहे ना, ती मी. भांडण झालं होतं आमचं त्या दिवशी.”

किती मिनिटाला कोण दिसतं ते लिहून ठेवा, फाइलबरोबर एक साधी टेक्स्ट फाइल. फाइलचं नाव वर्षाने सुरू करा, मग प्रसंग, मग गाव, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. ‘नवीन व्हिडिओ ३’ असलं नाव ठेवलंत तर सहा महिन्यांनी तुम्हीच ओळखणार नाही.

एआय लावून चित्र एचडी करायचा मोह होतो. मी दादाच्या मुंजीवर करून पाहिलं, बटूचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा झाला आणि आजोबांना दुसऱ्याच कुणाचे डोळे आले. करायचंच तर कॉपीवर.

दुकानात द्यायचं असेल तर

बुरशीच्या, तुटलेल्या किंवा चिकटलेल्या कॅसेटा घरी करू नका, त्या जाणकाराकडेच. देताना विचारा की कॅसेटमागे पैसे घेता की तासामागे, बुरशी साफ करता का आणि कशी, फाइल पेनड्राइव्हवर देणार की नुसती डीव्हीडी. डीव्हीडीवर अडून बसले तर नको म्हणा, तिच्यावर ओरखडे पडतात आणि आता ती लावायला लॅपटॉपला जागाही नसते. आणि सगळ्या एकदम देऊ नका, आधी एक द्या, परत आलेली बघा, मग बाकीच्या. माझ्या त्या दोन अजून पिशवीतच आहेत, तीन ठिकाणी विचारलं, दोघांनी बुरशी म्हटल्यावर “काही नाही हो, पुसून टाकू” असं सांगितलं, तिथे दिल्या नाहीत.

झाल्यावर

एक कॉपी लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्याच घरी. माझी नेरुळला आहे. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो पार दाबून टाकतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं.

मूळ कॅसेटा टाकू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, माळ्यावर नाही, कपाटात. आणि व्हीसीआर तर इतक्यात कुणाला देऊच नका, प्रत्येक फाइल शेवटपर्यंत बघून होईपर्यंत. मी मुंजीची फाइल पहिली पाच मिनिटं बघितली, वहीत टिक केली आणि व्हीसीआर आत्याकडे परत पाठवून दिला. दोन महिन्यांनी दादाने बसून पूर्ण पाहिली तर चाळिसाव्या मिनिटानंतर आवाजच नाही, पांढरी पिन सैल झाली होती बहुतेक. परवा परत जाऊन व्हीसीआर घेऊन आले, ठाण्यापर्यंत मांडीवर.